आम्ही पॅरिस पाहिलं नाही

फ्रान्समध्ये आठ महिने राहून पॅरिस न पाहता परत आलेलं जोडपं नागपुरात बहुधा एकच असेल, आणि ते आम्ही. आता मी हे हसत सांगते. सत्तरच्या दशकात, आम्ही परत आलो तेव्हा, ते सांगायची सोय नव्हती.

यांच्या कारखान्यात फ्रान्सहून नवी यंत्रं यायची होती. ती चालवायला शिकण्यासाठी कोणाला तरी तिकडे पाठवायचं ठरलं. आधी ठरलेले दोघे गळाले, एक बायकोच्या बाळंतपणामुळे आणि दुसरे आईच्या मोतीबिंदूमुळे. राहिले आमचे हे. यांनी संध्याकाळच्या वर्गाला जाऊन तीन महिने फ्रेंच शिकून घेतलं. सराव माझ्यावर चालायचा. मी पोळ्या लाटत असायची आणि हे मागे उभे राहून फ्रेंचमध्ये विचारायचे, "बाई, स्टेशन कुठे आहे?" मी म्हणायची, "जिथे होतं तिथेच आहे, सरका तिकडे, तवा तापलाय."

मुक्काम मोठा होता म्हणून मलाही जाता आलं. उतरलो पॅरिसलाच, पण विमानतळावर कारखान्याची गाडी हजर, आणि तिने आम्हाला मागच्या मागे, पावसात, पार दूरच्या एका डोंगराळ गावात नेऊन सोडलं. गावाचं नाव उच्चारायला मला दोन महिने लागले. लिहायला अजून जमत नाही, कारण त्यातली निम्मी अक्षरं बोलायची नसतात.

तिथे आमची घरमालकीण सत्तरीची विधवा बाई होती. शाळेतून निवृत्त झालेली. आम्ही तिला मादाम म्हणायचो. उंचीला माझ्या खांद्याएवढी, पण चालायला लागली की यांना मागे पळावं लागायचं. मादामचं एक ठाम मत होतं, की रविवार हा घरात बसण्यासाठी नसतो. आमच्या नागपुरात तो नेमका त्याचसाठी असतो. सकाळी पोहे, दुपारी मटण, आणि मग थेट चहापर्यंत आडवं व्हायचं. पहिल्या रविवारी हे असे आडवे व्हायच्या बेतात असतानाच मादामने दार वाजवलं. तिच्या हातात दोन काठ्या होत्या आणि खांद्यावर तिच्या वारलेल्या नवऱ्याचा जाड कोट. काठी यांना दिली, कोट मला चढवला. साडीवर तो कोट, खाली कॅनव्हासचे बूट. आरशात पाहिलं तर मीच मला ओळखलं नाही.

मादामची गाडी पत्र्याची होती. छप्पर ताडपत्रीचं, खिडकी अर्धी दुमडून वर अडकवायची. चढावर ती अशी कण्हायची, की मी मागच्या सीटवर आपोआप पुढे वाकायची, तेवढाच तिला हातभार. तासाभराने गाडी एका रानात थांबली. मादाम उतरली, दोन्ही हात पसरले आणि म्हणाली, "वाला!"

मला दूधवाला, भाजीवाला माहीत होते. हा नुसताच वाला कोण, ते कळेना. मग यांनी सांगितलं, "वाला म्हणजे, हे बघा, आलं!"

मी बघितलं. समोर एक भिंत होती. एकच. तिला एक खिडकी, आणि खिडकीतून पलीकडची गाय दिसत होती.

"किल्ला आहे हा," हे म्हणाले.

"बाकीचा कुठे गेला?"

यांनी मादामला विचारलं. ती म्हणाली, बाकीचा गावकऱ्यांनी नेला, दगड न् दगड, आणि आपापल्या गोठ्यांना लावला. मग तिने आम्हाला ते गोठेही दाखवले. एकेका गोठ्यासमोर उभं करून, हा दरवाजाचा दगड, हा तटाचा. गोठ्याचा मालक बाहेर येऊन आमच्याकडे बघत राहिला. तो किल्ल्यापेक्षा माझ्या साडीकडेच जास्त बघत होता. त्यामुळे त्या दिवशी त्यालाही बाहेरगावचं काही पाहिल्यासारखं झालं असावं.

त्यानंतर एक रविवार चुकला नाही. पडके किल्ले, पडके पूल, कपडे धुवायचे जुने दगडी हौद, आणि देवळं. तिथली खेड्यातली देवळं कुलूपबंद असायची आणि किल्ली शेजारच्या कोणाच्या तरी घरी ठेवलेली असायची. ते घर शोधायचं, त्या घरच्या कुत्र्याने आम्हाला हुसकायचं, मग घरातून कोणीतरी सांगायचं, किल्ली आता अमक्याकडे असते. एकदा तो अमका जेवायला लेकीकडे गेला होता. मादाम हटायला तयार नव्हती. शेवटी दाराच्या किल्लीच्या भोकाला आम्ही तिघांनी आळीपाळीने डोळा लावला. मला एक मेणबत्ती आणि एक केरसुणी दिसली. मादामला त्याच भोकातून आठशे वर्षं दिसली आणि परतीच्या वाटेवर ती सारा वेळ त्यावरच बोलत होती.

पण तिचं खरं प्रेम होतं ते डोंगरावरच्या जागांवर. तिथे गाडी थांबवायची, काठी टेकत वर जायचं, कड्यावर उभं राहायचं आणि बोलायचं नाही. हा तिचा नियम होता. आधी गप्प राहून नुसतं बघायचं, मग ती मान हलवेल तेव्हा बोलायचं. पहिल्या वेळी मला ते फार जड गेलं. आपल्याकडे काही चांगलं दिसलं की माणूस लगेच शेजारच्याला कोपराने ढोसतो. पण खाली नदी वळण घेत गेलेली, दोन्ही बाजूंनी हिरवी शेतं, अक्रोडांच्या रांगा, दूर एक टोकदार छप्पर, आणि कुठल्यातरी घराचा धूर सरळ वर जाताना बघून मी ढोसायचं विसरून गेले. सहाव्या-सातव्या रविवारी तर मीच यांना ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. हे नारळाच्या वडीबद्दल काहीतरी सांगत होते.

अशाच एका कड्यावर एक गोल दगडी टेबल होतं. त्यावर चारी दिशांना बाण काढलेले, आणि बाणावर लिहिलेलं की या बाजूला अमुक डोंगर, त्या बाजूला तमुक गाव. एक बाण पॅरिसचा होता. त्याच्यापुढे मोठा आकडा होता.

"पॅरिस कधी पाहायचं?" मी विचारलं.

यांनी ते मादामला सांगितलं. तिने नाक मुरडलं. म्हणाली, "पॅरिस कुठे पळून चाललंय? तिथे तर कोणीही जातं."

म्हणून आम्ही पॅरिस शेवटच्या तीन दिवसांसाठी ठेवलं. शनिवारी निघायचं, मनसोक्त हिंडायचं, टॉवर पाहायचा, सोमवारी तिथूनच विमान. सगळं ठरलं होतं. मी टॉवरसाठी हिरवी पैठणी वेगळी काढून ठेवली होती.

शुक्रवारी मादाम म्हणाली, एक बुरुज राहिलाय, तो पाहिल्याशिवाय तुम्हाला जाऊ देणार नाही. गेलो. एका टेकडीवर एकटाच उभा असलेला दगडी बुरुज. आत गोल जिना, धरायला दोर, आणि वर माथ्यावर कबुतरांचं राज्य. वरून काय दिसलं ते मी सांगत बसत नाही. एवढंच सांगते, की त्या दिवशी मादामने फार उशिरा मान हलवली. उतरताना ती सगळा जिना नीट उतरली, आणि खाली गवतावर पाय ठेवताना घसरली. घोटा मोडला.

आसपास चिटपाखरू नाही. यांनी तिला पाठुंगळी घेतलं आणि गाडीत आणून बसवलं. मग आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. गाडी कोण चालवणार? यांना स्कूटर येत होती. मला सायकल.

"मी शाळेत चाळीस वर्षं काढलीत," मादाम मागच्या सीटवरून म्हणाली, "गाढवांनाही शिकवलंय. बसा."

त्या गाडीचा गियर म्हणजे समोरच्या पत्र्यातून बाहेर आलेला एक दांडा होता, छत्रीच्या मुठीसारखा. तो ओढायचा की ढकलायचा, यावर मादाम मागून ओरडत होती आणि हे पुढून ओरडत होते. एकदा तो जो पहिल्या गियरमध्ये बसला, त्याला यांनी पुन्हा हात लावायचं नाकारलं. सगळा डोंगर आम्ही पहिल्या गियरमध्ये उतरलो. आमच्या मागे दोन ट्रॅक्टर, एक दुधाची गाडी आणि एक पाद्री सायकलवर, अशी वरात तयार झाली. पाद्री शेवटी कंटाळून आम्हाला ओलांडून पुढे गेला आणि जाताना त्याने आमच्यावर क्रूसाची खूण केली. दवाखान्याच्या दारात गाडी आपणहून बंद पडली तेव्हा यांचे हात स्टिअरिंगला असे घट्ट चिकटले होते, की मला एकेक बोट सोडवावं लागलं.

पायाला प्लास्टर घालून दवाखान्याच्या गाडीने तिला घरी पोचवलं. मादामची मुलगी फार दूर राहायची, तिला यायला सोमवार उजाडणार होता. मादाम पलंगावर पडल्या पडल्या आम्हाला हाकलत होती. "जा तुम्ही! रेल्वे चुकेल! मला पाणी देणारं कोणी लागत नाही!" आणि हे सांगता सांगता तिने पाण्याच्या पेल्याला हात लावला आणि तो पाडला.

आम्ही बाहेर येऊन जिन्यावर बसलो. यांनी विचारलं, "काय करायचं?"

मी म्हटलं, "पैठणी परत घडी घालते."

ते तीन दिवस मी मादामला मुगाची खिचडी करून घातली. पहिल्या घासाला ती म्हणाली, हे आजाऱ्याचं अन्न आहे. दुसऱ्या दिवशी म्हणाली, कालचंच दे. सोमवारी सकाळी मुलगी आली, आम्ही निघालो. मादामने मला मिठी मारली आणि काहीतरी लांबलचक बोलली. यांनी त्याचा अर्थ न सांगताच बॅगा उचलल्या. रेल्वेतून उतरून थेट विमानतळ. विमान वर चढताना हे खिडकीला नाक लावून ओरडले, "तो बघ, तो बघ टॉवर!" मी बघितलं. विजेच्या तारांचा खांब होता.

नोव्हेंबरात आम्ही नागपूरला पोचलो. सक्करदऱ्याच्या घरी संध्याकाळपर्यंत शेजारपाजार जमला. चहा झाला, तिकडची चॉकलेटं वाटून झाली, आणि मग शेजारच्या काकूंनी विचारलंच, "मग टॉवर कसा आहे हो?"

"टॉवर राहिला," हे म्हणाले.

खोलीत जी शांतता पसरली, ती मी फक्त मयताच्या घरी अनुभवली आहे. यांनी बुरुजाचं, मादामचं, मोडलेल्या घोट्याचं सगळं सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. जाताना फाटकाशी काकू त्यांच्या यजमानांना हळूच म्हणाल्या ते मी ऐकलं, "खरंच गेले होते ना हो हे? की भिलाईलाच होते?"

सर्वांत मोठा धक्का माझ्या नणंदेला बसला. यांची ही थोरली बहीण, आम्ही त्यांना ताई म्हणायचो. काटोलजवळच्या एका खेड्यात त्यांचा संत्र्याचा बगीचा होता. भाऊ फ्रान्सला गेला ही गोष्ट त्यांनी काटोलच्या बाजारापासून कोंढाळीच्या फाट्यापर्यंत कोणाला सांगायची ठेवली नव्हती. दुसऱ्याच दिवशी संत्र्यांची टोपली घेऊन त्या बसने आल्या. टोपली खाली ठेवायच्या आत त्यांना काकूंकडून कळलं होतं.

"काहून नाही पाह्यला गा टावर?"

"ताई, त्या बाईचा पाय मोडला."

"मंग? पाय तिचा मोडला का तुहा?"

"तिच्याजवळ कोणी नव्हतं."

"आन् काशीले जाऊन गंगाच नाही पाह्यली म्हनावं तुमी लोकायनं!" मग माझ्याकडे वळून, "तू तं सांगाचं होतं वं याले. हा पहिल्यापासून असाच आहे. लहानपनी जत्रेत गेला अन् हरवलेल्या पोराच्या मायले शोधत बसला. जत्रा उठली तरी यानं पाळना नाही पाह्यला."

एवढं बोलून त्यांनी एक संत्रं सोललं, निम्मं भावाच्या हातात ठेवलं आणि डोळे पुसले. भावाच्या चांगुलपणाने भरून आले असावेत असं मला वाटलं. पण त्या म्हणाल्या, "मी आता काटोलात काय तोंड दाखवू?"

पंधरा दिवसांनी त्यांचा निरोप आला, शनिवारी जेवायला या. आम्ही गेलो. गावात शिरताना शाळेपुढे सतरंज्या अंथरलेल्या दिसल्या. हे म्हणाले, कोणाचं लग्न दिसतंय. मी फळा वाचला. फळ्यावर रंगीत खडूने, वळणदार अक्षरात लिहिलं होतं: टावर पाहून आलेल्या पाहुण्यांचा जाहीर सत्कार.

हे जागच्या जागी थांबले. "ताई, हे काय आहे?"

"मी सांगून टाकलं साऱ्यायले, पाह्यला म्हून," ताई म्हणाल्या. "आता मांगं हटू नको. दोन शब्द बोल अन् बस खाली. इथं कोनं पाह्यला हाये त्याले?"

ताईंचे यजमान मागे उभे होते. अंगाने भरलेले, बोलायला अगदी कमी. ते एवढंच म्हणाले, "मी नाही म्हटलं होतं."

सत्कार झाला. यांना हार, शाल, नारळ. मला नारळ. शाळेचे मास्तर अध्यक्ष होते. त्यांनी फ्रान्स देशाची लोकसंख्या, हवामान आणि मुख्य पिकं सांगितली आणि यांना बोलायला उभं केलं. आता हे खोटं बोलतील की खरं, ते मला कळेना. यांनाही कळत नव्हतं, हे त्यांच्या कानांवरून मला दिसत होतं. घाबरले की यांचे कान लाल होतात.

"टॉवर," हे म्हणाले आणि थांबले. मग एकदम मोकळे होऊन बोलायला लागले. टॉवर एका टेकडीवर आहे. आत गोल जिना आहे. वर चढायला दोर धरावा लागतो. वर कबुतरं आहेत.

मी कपाळाला हात लावला. हे मादामच्या बुरुजाचं वर्णन करत होते. खोटं एक अक्षर नव्हतं.

"लिफ्ट नाही?" कोणीतरी विचारलं.

"नाही."

"किती उंच हाये जी?"

यांनी इकडेतिकडे बघितलं. "तुमच्या शाळेमागची चिंच आहे ना? तेवढा असेल."

लोकांत चुळबुळ सुरू झाली. एवढासाच? एक जण म्हणाला, "मंग फोटोत तं लई मोठा दिसते?" त्याच्या शेजारच्या म्हाताऱ्याने त्याला समजावलं, "फोटोत सारंच मोठं दिसते गा. माह्या लग्नाच्या फोटोत मीबी पैलवान दिसतो."

तेवढ्यात मास्तर खाकरले. "माझ्या माहितीप्रमाणे तो लोखंडाचा आहे."

"हा दगडाचा आहे," हे म्हणाले.

"पुस्तकात लोखंडाचा दिला आहे. मी वीस वर्षं लोखंडाचाच शिकवतो आहे."

"मास्तर," मागून आवाज आला, "थे डोयानं पाहून आले. तुमी पुस्तकात पाह्यला."

सगळे हसले. मास्तरांचा चेहरा पडला. पहिल्या रांगेत त्यांचीच पोरं बसली होती, तीही हसली. आता मात्र यांना राहवलं नाही. हे म्हणाले, "थांबा. मास्तर बरोबर आहेत. तो टॉवर लोखंडाचाच आहे, आणि खूप उंच आहे. मी सांगतोय तो वेगळा. तो मोठा टॉवर मी पाहिलेलाच नाही."

ताईंनी पदर डोक्यावरून पार नाकापर्यंत ओढला. मग यांनी सगळं सांगितलं. बुरुज, घसरलेला पाय, पहिला गियर, ट्रॅक्टरांची वरात, क्रूसाची खूण करणारा पाद्री. हसता हसता बायांच्या डोळ्यांत पाणी आलं. खिचडीपाशी आले तेव्हा कोणी हसत नव्हतं.

"बुढीले टाकून नाही गेले, हे बेस केलं," एक बाई म्हणाली, आणि बऱ्याच जणी हो हो म्हणाल्या.

पण तो लग्नाच्या फोटोवाला म्हातारा हिशेबाचा पक्का होता. तो उठून म्हणाला, "सारं खरं. पन मंग हार काहून घातला आपन? फळ्यावर तं टावर लिवलं हाये."

यावर जी चर्चा झाली ती सत्काराहून लांबली. हार परत घ्यावा का, घेतला तर घालावा कोणाला, बुढीच्या सेवेसाठी म्हणून तोच चालवून घेता येईल का. हे बिचारे हार काढू की राहू देऊ करत मधे उभे. शेवटी ताईंचे यजमान उठले. सगळा गाव गप्प झाला, कारण ते सभेत बोलल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

"हार राहू द्या," ते म्हणाले. "शाल राहू द्या, थंडी पडून राहिली. नारळ फोडा, खाऊन टाकू." आणि बसले.

नारळ फोडले. मास्तरांनी फळ्यावरचे पहिले तीन शब्द पुसले आणि 'पाहुण्यांचा जाहीर सत्कार' एवढंच ठेवलं. जाता जाता ते यांच्याजवळ आले. आता त्यांचा चेहरा उजळला होता. म्हणाले, "तुमच्या त्या बुरुजासारखा बुरुज आमच्याकडेही आहे. गावाबाहेर, जुन्या गढीचा. वर मात्र कोणी जात नाही."

झालं. मी यांच्याकडे बघितलं. कान पुन्हा लाल, पण या वेळी कारण वेगळं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या बुरुजाकडे निघालो. पुढे मास्तर, मग हे, मग मी, मागे ताई आणि त्यांचे यजमान. ताई रात्रीपासून भावाशी बोलत नव्हत्या, पण सोबत आल्या होत्या. भाऊ पडला तर पाहायला कोणीतरी पाहिजे, असं त्या मला म्हणाल्या. बुरुजाच्या तोंडाशी बाभळीचे काटे टाकलेले होते, ते यांनी आणि मास्तरांनी बाजूला ओढले. एक बाई डोक्यावर भारा घेऊन चालली होती, ती थांबून म्हणाली, वर मोहोळ आहे. दुसरी म्हणाली, मोहोळ नाही, भूत आहे. वर गेल्यावर दोन्ही नव्हतं. एक घुबड होतं, ते आम्हाला बघून भलतंच नाराज झालं.

पायऱ्या ढासळलेल्या होत्या. मी सराईतासारखी पदर खोचून चढले. ताई एकेका पायरीवर देवाचं नाव घेत होत्या आणि त्याच दमात भावाचंही, पण वेगळ्या सुरात. माथ्यावर पोचलो आणि हे म्हणाले, "आता कोणी बोलू नका. आधी नुसतं बघा."

आणि आम्ही पाहिलं. थंडीतलं कोवळं ऊन पडलं होतं. खाली संत्र्यांचे बगीचे, झाडं फळांनी वाकलेली, लांबून त्यांच्यावर कोणी पिवळे ठिपके दिल्यासारखी. पलीकडे कापसाची शेतं, मधून नाल्याची चमकती रेघ. काटोलची बस धुळीची शेपटी ओढत येत होती. मास्तरांनी हातातली छत्री बगलेत घेतली आणि तसेच उभे राहिले. या गावात वीस वर्षं राहून त्यांनी हे वरून कधी पाहिलं नव्हतं. मी ताईंकडे बघितलं. त्या टक लावून बघत होत्या, तोंड किंचित उघडं, पदर वाऱ्यावर उडालेला. जन्मात पहिल्यांदाच मी त्यांना एवढा वेळ गप्प पाहत होते. त्यांचा राग गेला, असं मला वाटलं.

"अवं माय!" ताई किंचाळल्या. "बकऱ्या!"

आम्ही सगळे दचकलो. घुबड दुसऱ्यांदा उडालं.

"माह्या तुरीत बकऱ्या! सारं कुंपन मोडलं मुडद्यायनं! म्हून तं म्हटलं तूर कोन खाऊन राह्यलं! ए! ए रे! हाकल त्यायले!"

खाली दूर, ताईंच्या तुरीत, दहा-बारा बकऱ्या निवांत चरत होत्या आणि बांधावर त्यांना राखणारा पोरगा डोक्याखाली हात घेऊन पडला होता. ताईंचा आवाज बुरुजावरून सरळ त्याच्या कानात गेला. तो ताडकन उठला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, कोणी नाही. मग त्याने वर आभाळाकडे बघितलं. ताईंनी त्याला त्याच्या बापाच्या नावाने हाक मारली. त्याने आभाळाकडे बघून हात जोडले आणि बकऱ्या तिथेच सोडून पळत सुटला.

"थांब तू!" म्हणत ताई जिन्याकडे धावल्या. चढताना पायरीपायरीला देव आठवणाऱ्या ताई उतरताना कशा उतरल्या ते मला दिसलंच नाही. खाली पोचल्यावर वरून आम्हाला त्यांची फक्त लाल चोळी आणि उंच धरलेली चप्पल, तुरीच्या दिशेने जाताना दिसली. मास्तर छत्री उघडून त्यांच्यामागे निघाले. कशासाठी, ते त्यांनाही माहीत नसावं.

दुपारी जेवताना ताई भावाशी बोलायला लागल्या. पंगतीत त्याच्या पानात स्वतः वाढलं आणि म्हणाल्या, "तुह्या त्या बुढीले म्हनावं, तुही रीत चांगली हाये. वरून लई दिसते." मग आठवडाभरात त्यांनी बुरुजाच्या पायऱ्या साफ करून घेतल्या, ढासळलेल्या ठिकाणी दगड बसवून घेतले, आणि रोज सकाळ-संध्याकाळ वर जाऊन सगळ्या शिवारावर नजर ठेवायला सुरुवात केली. कोणाचं जनावर कुठे शिरलं, कोणाची सून विहिरीवर किती वेळ बोलत उभी राहिली, कोणाच्या मळ्यात संत्र्याचा व्यापारी आला, सगळं त्यांना घरी बसल्यासारखं कळू लागलं. गावात लोक त्यांना भिऊ लागले, असं मास्तर सांगायचे.

पुढच्या वर्षी संत्र्यांच्या दिवसांत आम्ही पुन्हा गेलो. हे गावात शिरताच बुरुजाकडे वळले, मी मागे. वर चढून आलो तर माथ्यावर ताईंनी बसायला म्हणून एक बाज टाकलेली होती, आणि बाजेवर डोक्याला शेला गुंडाळून ताईंचे यजमान झोपले होते. खालून, घराच्या बाजूने, ताईंच्या हाका ऐकू येत होत्या. कधी गोठ्याच्या दिशेने, कधी मळ्याच्या. यांनी विचारलं, "जावईबापू, ताई शोधून राहिल्या ना तुम्हाला?"

त्यांनी एक डोळा उघडला.

"सकायी येऊन गेली थे इथं," ते म्हणाले. "आता संध्याकायलोक येत नाही." आणि आम्हाला बसायला जागा व्हावी म्हणून पाय जरा जवळ घेतले.